वाफ्यावरच्या पाट्या

मद्रासच्या टी. नगरातल्या पडीक जागेवर आळीतल्या बायकांनी मिळून भाजीचा मळा केला, तेव्हापासून सकवारबाई रोज पाणी घालायला यायच्या. मोबदला काही नव्हता, पण पेरणीपासून त्यांचा एक दिवस चुकला नाही. वाफ्यांवरच्या पाट्याही त्यांनीच रंगवल्या होत्या, तंजावरात वडिलांनी शिकवलेल्या बाळबोध देवनागरी अक्षरांत: वांगी, भेंडी, दोडका.

पासष्ट सालच्या जानेवारीत, ऐन तोडणीच्या वेळी, मद्रास हिंदीविरुद्ध पेटलं. एका दुपारी कॉलेजातली दहा-बारा पोरं डांबराची बादली घेऊन कुंपणाशी आली.

"हिंदी ओळिगा!"

हिंदी नष्ट होवो, ही घोषणा ऐकताच सकवारबाई पाट्यांपुढे उभ्या राहिल्या. "अरे बाबांनो, ही हिंदी नव्हे, आमची मराठी आहे!" त्या तमिळमध्ये कळवळून सांगत होत्या, पण घोषणांपुढे ऐकतो कोण? पोरांचा म्होरक्या ब्रश घेऊन आत शिरला. "बाजूला व्हा, अम्मा!" तो तमिळमध्येच ओरडला. आता हा वेलही तुडवणार, या भीतीनं त्यांनी डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा तो एकेक पाटी काळी करत होता. पानाला मात्र धक्का लागू देत नव्हता. शेवटच्या पाटीशी तो त्यांच्या अगदी जवळ वाकला. कुंपणाकडे एकदा चोरून पाहत तो अस्सल तंजावरी मराठीत पुटपुटला,


"हळू बोला, मावशी. मी घरी काय बोलतो, ते यांना ठाऊक नाही."