साधं पाणी
जिवाणूंभोवतीची भिंत बांधणारं जनुक धाकटीने काढून टाकून दाखवलं आणि प्रयोगशाळेचे सर तिला डोक्यावर घेऊन नाचू लागले. त्याच जनुकामागे केस पिकवलेली थोरली बहीण शेजारच्या टेबलापाशी जळफळत होती. भिंत गेलेले जिवाणू साखरेच्या पाण्यातच तग धरतात. साध्या पाण्यात फुगून फुटतात. सगळे केक कापायला गेल्यावर थोरलीने धाकटीची जिवाणूंची परीक्षानळी साध्या पाण्याने काठोकाठ भरली. "बस आता बोंबलत," ती पुटपुटली. जिवाणूंचे हाल डोळे भरून बघायला तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एकही फुटला नव्हता. म्हणजे भिंत शाबूत होती; धाकटीला जनुक काढता आलंच नव्हतं. सगळ्यांसमोर सांगायला ती हरखून उठली. दारात धाकटी केकचा तुकडा घेऊन उभी. "ताई, पहिला घास तुझा. पण माझी नळी कोणी भरली?" सांगायला उघडलेल्या तोंडात थोरलीने मुकाट्याने केक कोंबला.