मधली पट्टी

मी खोलीतून सुखरूप बाहेर आलो, असं घरचे सांगतील. पण ते झालंच नाही असं धरा.

घरी रेकॉर्ड केलेलं गाणं सुधारायला २००३ साली मी जयसिंगपूरहून जुना मल्टिबँड कॉम्प्रेसर आणला. तो आवाजाच्या खालची, मधली, वरची अशा तीन पट्ट्या करून मोठे आवाज दाबतो, मग दबलेले बारीक आवाज वर येतात. कामात कुणी घुसू नये म्हणून बहीण संघप्रिया बाहेरून कडी लावते. हेच आमचं साउंडप्रूफिंग.

मधली पट्टी दाबली, तर गाण्याखालून माझाच आवाज आला, “संघे, कडी काढ की!”

मी असं कधी ओरडलोच नव्हतो. आणखी दाबली, तर दारावर थापाही ऐकू आल्या.

मग मात्र मी दार बडवत ओरडलो, “संघे, कडी काढ की!”

बाहेरून ती म्हणाली, “दादा तर हितं च्या पितोय. आत कोण हाय?”

तरी बाहेरील इसमाची ओळख पटवून आत अडकलेल्या अर्जदारास मोकळे करण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.