लाजाळूची कुंडी

"सर, यंदा तरी तुमचा लाजाळूचा प्रस्ताव पाठवायचा ना?" दर जूनला मी विचारायचो. वनस्पतिशास्त्र विभागाचा क्लार्क मी. अनुदानाचे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे.

"वेडे आहात का, जगताप? लाजाळूचं झाड माणूस ओळखतं का, असल्या प्रश्नाला अनुदान कोण देणार?" असं म्हणत धारपसर सोयाबीनवरच्या तांबेरा रोगाचा अर्ज पुढे सरकवायचे. त्यातले निम्मे निष्कर्ष आधीच त्यांच्या कपाटात तयार असायचे. मंजुरी हमखास! अशी तीस वर्षं गेली.

सर निवृत्त झाल्यावर अर्जच संपले, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीत लाजाळूची एकच कुंडी ठेवली. रोज येऊन पानांना बोट लावायचे. तीन महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. त्यांनी बोट लावलं, पानं उघडीच राहिली. मी लावलं, झटकन मिटली.

"झाडानं ओळखलं की तुम्हाला, सर!"

सर हसले. मग आणखी कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी आवडत्या विद्यार्थिनीला स्पीकरवर फोन लावला. ती आता मोठ्या संस्थेत प्राध्यापक होती.

"एका कुंडीवर काय सिद्ध होणार, सर? शंभर लागतील. आणि असल्या प्रश्नाला अनुदान कोण देणार?"

सरांनी फोन ठेवला, कुंडी उचलली. मी गेटपर्यंत सोबत गेलो. नव्या वॉचमननं अडवलं. "आजोबा, कुंडी कुठे नेताय? कोण आपण?"

"आमचे सर आहेत," मी म्हणालो.

"कशाचे?"

माझ्याआधी सरच बोलले, "सोयाबीनचे."