खडखड
आईचे दोन्ही हात शिलाई मशीनवर असायचे, म्हणून ताईशी बोलायला मी मीटिंगवाला स्पीकरफोन घरी आणला. असले फोन बसवणं माझं कामच, त्यामुळे आवाज स्वच्छ करणारा फिल्टर आधी चालू केला. बाळ झाल्यापासून परगावच्या ताईला धड झोप नव्हती. बाळ निजलं तरी तिचा डोळा लागेना. फोनवर तिने विचारलं, “आई, तुला बरं नाही का गं?” “का?” “मशीन बंद आहे ना.” “अगं, कधीची चालवतेय!” माझी ट्यूब पेटली. फिल्टरने मशीनची खडखडच गाळली होती. “शहाण्या,” ताई म्हणाली, “लहानपणी त्याच आवाजात झोपायचो ना आपण!” मी फिल्टर काढला. आई बाही शिवत बोलू लागली. ताईचे हुंकार विरळ झाले, मग नुसता संथ श्वास. बाही झाली तेव्हा आईने सुईतला दोरा काढला आणि तशीच रिकामी मशीन चालवत राहिली.