सहा सेनापती आणि एक कॅप्टन

"हा अजून बोटभर वर," काकू म्हणाल्या. "सेनापतीच खाली लोंबायला लागला तर फौजेने काय करायचं?"

फिटिंगवाल्याने चित्राचा पत्रा वर सरकवला, पाणसळ टेकवून पाहिली आणि पेन्सिलीने खूण केली. सकाळपासून तिसऱ्यांदा. एरवी तो वैतागला असता, पण काकूंचा आवाजच असा होता की ड्रिलसुद्धा मुकाट चालावं.

चित्रं सहा होती. जुन्या काळचे सेनापती, कोणाच्या टोपीत पिसांचा तुरा, कोणाच्या मिशांना पीळ, छातीवर पदकांची गर्दी. कागदावर नव्हे, धातूच्या पातळ पत्र्यावर छापलेले. खिडकीतून ऊन आलं की ते जिवंत झाल्यासारखे चमकायचे. त्यांच्यासाठी काकूंनी बैठकीची अख्खी भिंत रिकामी केली होती. घरातले जुने फोटो कोपऱ्यात पाठ करून उभे होते.

"फ्रेमवाली घ्यायची होती, काकू. काचेला शोभा असते."

"काच फुटते. या घरात आता काहीही फुटायला नको."

मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"हे बाहेर आले की तुम्ही आपलं हो ला हो करा. साहेब म्हणा. रोज सकाळी कपडे करून ड्युटीवर निघतात. कितीदा समजावलं, आता कुठली ड्युटी! पण ऐकून घेतात आणि विसरतात. मी दिवसभर दाराकडे डोळे लावून बसते. एकदा गेलेला माणूस परत येईलच असं कोणी लिहून दिलंय का?"

"खरंय," फिटिंगवाला म्हणाला.

"म्हणून ठरवलं. ह्यांना कचेरीत जायचंय ना? मग कचेरीच घरी आणते. समोर एवढे वरिष्ठ बसलेले असले, की कसे उठून जातात ते बघते मी!"

फिटिंगवाल्याच्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते डबा मागायचे, आणि हा त्यांच्यावर खेकसायचा. अशी घर सजवायची युक्ती त्याला तेव्हा सुचली असती तर! त्याने पुढची भोकं जरा जास्तच जपून पाडली, गिट्ट्या घट्ट ठोकल्या, स्क्रू शेवटच्या फेऱ्यापर्यंत आवळले. ही भिंत पडता कामा नये, हे आता त्यानेही मनावर घेतलं होतं.

सहावं चित्र लागलं तेव्हा आतलं दार उघडलं. कडक इस्त्रीचा खाकी कोट घातलेले म्हातारेबुवा बाहेर आले. बूट चकचकीत, भांग रेखलेला.

"कॅप्टन, थांबा," काकू म्हणाल्या. "मुख्यालय हललंय. आजपासून इथेच."

म्हातारेबुवांनी भिंतीकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग बुवांनी टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला.

"हजर आहे."

मग ते एकेका चित्रासमोरून पाहणी करत चालले. चौथ्यापाशी थबकले.

"हे उलटं छापलंय. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर असते. इथे उजवी वर आलीये."

फिटिंगवाल्याने निरखून पाहिलं. खरंच होतं. डोकं दगा देत असलं तरी फौजेतली नजर काही जात नाही, त्याच्या मनात आलं.

"आणि रजा हवी असेल तर अर्ज कुठे द्यायचा?" बुवांनी विचारलं.

"माझ्याकडे. आणि मी नामंजूर करणार."

"जशी आज्ञा."

बुवा खुर्चीत बसले. काकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग डोळे पुसत, पण ताठ मानेने, चहा टाकायला आत गेल्या. लढाई त्यांनी जिंकली होती.

चहा झाल्यावर फिटिंगवाल्याने हत्यारं पिशवीत भरली. त्याला फाटकापर्यंत पोचवायला बुवाच आले. काकूंनी खिडकीतून बजावलं, "फाटकाच्या पुढे नाही हं!"

फिटिंगवाल्याने लहान मुलाला समजवावं तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "साहेब, आता घरीच थांबायचं. काकू तुमच्यासाठी केवढं करतात! त्यांना घोर लावायचा नाही. लक्षात राहील ना?"

"हळू बोललात तरी चालेल, मला सगळं ऐकू येतं," बुवा हसून म्हणाले. "घरी थांबायला मिळालं तर सोनंच. दोन वर्षं रोज सकाळी तीच मला हा कोट चढवते आणि ड्युटीची आठवण करून देते. मी बागेत जाऊन बसतो, दुपारी परत येतो. ती बिचारी सकाळचं दुपारी विसरते, आणि दाराशी रडत उभी असते."

फिटिंगवाल्याच्या हातातली पिशवी खाली टेकली. "म्हणजे... साहेब, तुम्ही..."

"कॅप्टन तिचा पहिला नवरा. लढाईवर गेला तो आलाच नाही," बुवा खिडकीकडे हात हलवत म्हणाले. "मी शिंपी. आमच्या लग्नाला या महिन्यात बेचाळीस वर्षं झाली."