उष्टी बाटली

विरोधी पक्षाच्या अलमेलू अम्माळनी पिशवीतून बाटली काढून विधानसभेच्या सभागृहात उंच धरली आणि वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या कनकानं ती ओळखली.

बाटली तिच्या घरची होती. ग्राइप वॉटरची, लांबट, गळ्याला लाल चिंधी बांधलेली.

"हे वेस्ट मांबलमच्या नळाचं पाणी," अम्माळ म्हणाल्या. "नव्या नळांचा पैसा खर्च झाला म्हणता. मग जुनाच गंजका नळ अजून गटारातून का जातोय? गेल्या महिन्यात तिथल्याच एका गल्लीत एक मुलगी काविळीनं गेली. मंत्र्यांनी ह्यातलं घोटभर प्यावं, मी प्रश्न मागे घेते."

विरोधी सदस्यांनी बाकं वाजवली. मंत्री हसले आणि हातातला कागद वाचू लागले. काम पूर्ण झालं आहे. चाचणी झाली आहे. पाणी पिण्यास योग्य आहे.

कनकाला ते उत्तर पाठ होतं. सेतुमाधवनं, तिच्या नवऱ्यानं, ते घरी बसून खोडून खोडून लिहिलं होतं. आता तो खाली अधिकाऱ्यांच्या जागेत, उपसचिव नारायणस्वामींच्या मागे, फाइल मांडीवर घेऊन बसला होता. त्याची मान वर झाली. तो बाटलीकडे बघत राहिला.

पाणी भरून ती बाटली कनकानंच गुपचूप अम्माळना नेऊन दिली होती आणि कुणाचं नाव सांगणार नाही असा शब्द त्यांनी दिला होता. नाव त्यांनी घेतलं नाही. चिंधीचं कोण काय करणार?

"अशा वस्तू इथं चालणार नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "बाहेर न्या ती."

खांद्यावर झोपलेला तिचा लहानगा राघू चाळवला. दारवानानं बोटानं दार दाखवलं. कनका बाहेर आली, जिना उतरली. व्हरांड्यात समुद्राचा वारा होता. सभागृहाच्या दाराशी स्टुलावर बाटली ठेवलेली आणि शेजारी पहारेकरी. उचलावी, पदराखाली घालावी, चालू लागावं. ती दोन पावलं पुढे गेली. पहारेकऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती खांबाआड झाली.

प्रश्नांचा तास संपला. माणसं बोलत, हसत बाहेर पडली. सेतुमाधव सरळ खांबाकडे आला.

"इथं कशाला आलीस गे, लेकराला घेऊन?" आवाज खाली होता. ओठ पांढरे. "आपलीच ना ती?"

"सासूबाईंची सगळी भांडी सोवळ्यातली. एक जरी हललं तर विचारतात. राघूची तेवढी उष्टी म्हणून वेगळी..."

"आणि चिंधी?"

"कुणी हात लावू नये म्हणून त्यांनीच बांधलेली. सोडायचं सुचलंच नाही मला." तिला रडू आवरेना. "अहो, काविळीनं गेली ती वरच्या बिऱ्हाडातली त्रिपुरसुंदरी... तिला न्हाऊ घालून वेणी घालायची ना मी."

"गप. नोकरी जाईल माझी. घर तरी राहील का? तोंड फिरव नि जा."

पण अम्माळ तिथूनच येत होत्या, बाटली हातात धरून. शेजारी नारायणस्वामी, मागे चार-सहा सदस्य आणि वर्तमानपत्रांची माणसं. कनकाच्या अंगावरून नजर सरकली तरी अम्माळ थांबल्या नाहीत. ओळख नाही, काही नाही. कनकानं श्वास सोडला.

तेवढ्यात राघूनं डोळे उघडले. त्याला चिंधी दिसली. दोन्ही हात पसरून तो आईच्या कडेवरून पुढे झेपावला.

"म्म! म्म!"

सगळे हसले. अम्माळ सोडून.

"अय्यो, पोराला तहान लागली!" नारायणस्वामी थांबले. "कुणाचं हे?"

"माझं, सार," सेतुमाधव म्हणाला.

"तुमचं? तुम्ही तर मांबलमचेच! मग झालंच की." त्यांनी अम्माळच्या हातातून बाटली अलगद काढून घेतली. "मंत्री नको, अम्मा. ज्यानं उत्तर लिहिलं त्याचा मुलगाच पिईल. काय हो सेतुमाधव, पाणी पिण्यास योग्य, असंच लिहिलंत ना?"

"होय, सार."

"मग?"

कुणीतरी म्हणालं, "बघा हं, नीट बघा." पुन्हा हसणं. नारायणस्वामींनी बूच काढलं. राघू आनंदानं पाय झाडू लागला. कनका मागे सरली, तर पाठीला खांब लागला. राघूची बोटं चिंधीपाशी पोचली, त्यानं ती घट्ट धरली, ओढली, बाटली तोंडाकडे कलली.

सेतुमाधवचा तळवा बाटलीच्या तोंडावर पडला. पाणी हिंदकळून त्याच्या बाहीवर सांडलं.

"नको, सार."

हसणं थांबलं. आत घंटा वाजत होती. कुणी हललं नाही.

"का नको?" नारायणस्वामींनी अगदी हळू विचारलं.

सेतुमाधवनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलाच्या मुठीतून चिंधी सोडवत तो म्हणाला, "रोज ह्याच बाटलीतून पितो तो, सार. पण त्याची आई पाणी उकळून देते."