रिबकाबाईंचा नवस

शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पापासून बदलापूरपर्यंत ज्यूंच्या घरी लग्न असो की मयत, प्रार्थना अंबरनाथच्या सिनेगॉगचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, एलोजीच म्हणत. हल्ली मात्र नुसते ओठ हलत, मन हलत नसे. हे त्यांनी एकट्या बायकोला, रिबकाबाईंना सांगितलं होतं.

रविवारी ते बाहेरून आले, तर घरात टोप्या घातलेली मंडळी आणि मधोमध नवसाच्या मलिद्याचं, गोड पोह्यांचं ताट.

"आता कुणाचा नवस?" म्हणत त्यांनी थकल्या हाताने प्रार्थनेचं पुस्तक मागितलं. ते म्हाताऱ्या बनाजीकाकांनी आधीच उघडलं होतं. काकांनी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत सूर चुकवला. हजान सावरायला पुढे सरसावले, तोच रिबकाबाई कानाशी पुटपुटल्या,

"नवस माझा आहे. तुम्ही एक दिवस नुसतं आमेन म्हणावं, हाच नवस. मोडू नका."

हजान भिंतीला टेकून ऐसपैस बसले, आणि काका चुकले तिथेही खणखणीत "आमेन" म्हणाले.